शब्दचर्चा: ‘एंडोफाइट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील सोनोरन वाळवंटात झाडाझुडपांच्या आत राहणाऱ्या बुरशा आणि त्यांच्यापासून मिळालेली संयुगे, या विषयावर मराठीत लेख लिहिते आहे. ‘एंडोफाइट’साठी ‘अंतर्वनस्पती’ लिहिले, तर मावशीने विचारले, “म्हणजे झाडात झाड?” ‘बायोॲक्टिव्ह’साठी ‘औषधी’ लिहिले आहे. चालेल का?

प्रतिसाद

ताई, मावशींनी नेमके बोट ठेवले. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ साली वापरात आणला. ग्रीकमध्ये ‘एंडॉन’ म्हणजे आत आणि ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती. त्या काळी बुरशीची गणना वनस्पतींतच होत असे, त्यामुळे शब्द शोभला. आज कवकांची, म्हणजे बुरशांची, सृष्टी वेगळी मानतात. ‘एपिफाइट’ला आपण ‘अपिवनस्पती’ म्हणतो ते बरोबर आहे, कारण फांदीवर वाढणारे आमर (ऑर्किड) स्वतः वनस्पतीच असते. इथे मात्र आत राहणारी वनस्पती नाही. मी ‘अंतर्वासी बुरशी’ लिहीन.

‘कवक’ शास्त्रशुद्ध आहे, पण सामान्य वाचक तिथे अडखळेल. ‘बुरशी’ने भाकरीवरचा हिरवा थर डोळ्यांसमोर येतो, ही अडचण आहेच. म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका की हिचे तंतू झाडाच्या पेशींमधून वाढतात, बाहेरून काही दिसत नाही आणि झाड आजारीही पडत नाही. ‘बांडगूळ’, ‘परजीवी’ हे शब्द कटाक्षाने टाळा.

आणखी एक प्रतिसाद

‘अंतेवासी’ हा तयार शब्द का घेऊ नये? गुरुगृही राहणारा शिष्य तो अंतेवासी. तसा बुरशीचा झाडाच्या घरी मुक्काम.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

दादा, शब्द फार सुंदर आहे, पण त्यातला ‘अंते’ म्हणजे ‘जवळ’. तो शिष्य गुरूजवळ राहतो. ‘आत’साठी ‘अंतर्’च हवे. आणि हा फरक ताईंच्या विषयात फार महत्त्वाचा आहे.

टुसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात लेस्ली गुणतिलक यांच्या गटाने याच वाळवंटातल्या दोन बुरशांवर केलेले काम २००६ साली प्रसिद्ध झाले. एक बुरशी एफेड्राच्या झुडपाच्या आतून मिळाली. तिच्यात रॅडिसिकॉल हे संयुग सापडले. (वैदिक सोम म्हणजे एफेड्राच, असे मानणारे अभ्यासक आहेत. तिथल्या एफेड्राची जात अर्थात वेगळी.) दुसरी, पॅराफिओस्फेरिया, काडीसारख्या बारीक फांद्यांच्या निवडुंगाच्या मुळांलगतच्या मातीतली, तिच्यात मोनोसिलिन-१ सापडले. ही संयुगे सख्खी भावंडे: रॅडिसिकॉलमध्ये क्लोरिनचा एक अणू जास्त, एवढाच फरक. पण पहिली बुरशी झाडाच्या आत, दुसरी झाडाजवळ. दोघींना सरसकट ‘एंडोफाइट’ म्हणणे चूक ठरेल. म्हणून पहिली अंतर्वासी, आणि दादांचा ‘अंतेवासी’ दुसरीला अगदी चपखल बसतो! दोघींसाठी मिळून ‘वनस्पतींशी निगडित बुरशा’.

‘औषधी’ मात्र कृपया काढा. ‘बायोॲक्टिव्ह’ म्हणजे सजीवावर, निदान पेशींवर, काही परिणाम करणारे. मग तो तारक असो की मारक. ही दोन्ही संयुगे एचएसपी-९० या प्रथिनाचे काम रोखतात. इतर प्रथिनांना नीट घडी घालायला ते मदत करते आणि कर्कपेशी (कॅन्सरच्या पेशी) त्याच्यावर फार विसंबून असतात, म्हणून संशोधकांना रस. पण रॅडिसिकॉल प्राण्यांच्या शरीरात टिकत नाही. काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या म्हणून ते औषध होत नाही. ‘औषधी’ वाचून एखाद्या रुग्णाच्या घरी आशा लागेल, आणि त्या आशेची जबाबदारी शब्द निवडणाऱ्यावर येते. ‘जैवसक्रिय’ लिहा.

प्रश्नकर्ती

पटले. ‘औषधी’ तीन ठिकाणी होते, तिन्ही खोडले. एचएसपी म्हणजे ‘हीट शॉक प्रोटीन’, त्याला ‘उष्माघात प्रथिन’ म्हणू का? आणि ‘वाळवंट’ चालेल ना?

उत्तर

उष्माघात म्हणजे ऊन लागणे, तो आजार झाला. ‘उष्णताण प्रथिन’ बघा. हा शब्द जपून निवडा, कारण गोष्टीचा गाभा तिथेच आहे. एचएसपी-९० रोखले गेले की पेशीला जणू उष्णतेची वर्दी मिळते आणि ती इतर संरक्षक प्रथिने तयार करू लागते. मोनोसिलिन-१ बनवणाऱ्या त्याच पॅराफिओस्फेरियाच्या सोबतीने वाढलेली ॲराबिडॉप्सिसची (प्रयोगशाळेत वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीची) रोपे जास्त उष्णता सोसतात, असे २००७ साली दाखवले गेले. माणसाच्या कर्कपेशीला मारक ठरणारे संयुग रोपाला असे तारक ठरते! ‘जैवसक्रिय’चा अर्थ याहून चांगला कुठल्या कोशात मिळणार?

‘वाळवंट’ रूढ आहे, ठेवा. आपल्याकडे चंद्रभागेचेही वाळवंटच, म्हणजे वाळूचा काठ. सोनोरनमध्ये मात्र वर्षात दोन पावसाळे येतात, उंच सग्वारो निवडुंग उभे असतात. ते एका वाक्यात सांगा.

आणखी एक प्रतिसाद

ताई, ‘डिस्टिल्ड वॉटर’चे काय केलेत? कारण याच पॅराफिओस्फेरियाला नळाच्या पाण्याऐवजी तसल्या पाण्यातले खाद्य दिले, तर तिने सहा नवी संयुगे बनवली. तो किस्सा लेखात हवाच.

प्रश्नकर्ती

घेतला आहे. आधी ‘ऊर्ध्वपातित जल’ लिहिले होते. आता ‘डिस्टिल्ड वॉटर, आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते’ असे केले. मावशीला वाचून दाखवले, आणि तिचा पुढचा प्रश्न शब्दाचा नव्हता: “पाणी बदललं म्हणून बुरशीनं काम का बदललं?”