शब्द सुचवा : 'प्रवाह अधिवास पुनर्स्थापना' म्हणजे नेमकं काय हो?

मूळ प्रश्न, ओरेगनहून

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, सध्या इथे अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या विद्यापीठात शिकते. आमचा आठ-नऊ विद्यार्थ्यांचा गट शनिवारी एका ओढ्यावर कामाला जातो. ओढ्याचं पात्र खचत खचत इतकं खोल गेलंय की पाणी खाली आणि काठ डोक्यावर. पुराचं पाणी काठावर चढतच नाही, त्यामुळे आजूबाजूची झाडंही वाळत चाललीत. आम्ही पात्रात आडव्या ओळीने लाकडी खुंट ठोकतो, त्यांच्यामधून विलोच्या ओल्या फांद्या विणतो आणि वरच्या अंगाने चिखल-गोटे लिंपतो. पाणी अडवायचं नसतं, दमवायचं असतं. ते मंदावलं की गाळ बसतो आणि पात्र हळूहळू वर येतं. पूर्वी हे काम बीव्हर नावाचे, ओढ्यात बांध घालणारे प्राणी करायचे. कातड्याच्या व्यापारात त्यांची इतकी शिकार झाली की आता आम्ही त्यांची नक्कल करतो. याच राज्यातल्या ब्रिज क्रीक नावाच्या ओढ्यावर असे १००हून अधिक बांध घातले, तेव्हा तिथे स्टीलहेड जातीच्या माशांची पिल्लं जास्त जगू लागली.

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यावर लिहितेय. शीर्षक दिलं 'प्रवाह अधिवास पुनर्स्थापना', म्हणजे ओढ्यातली जीवांची राहायची जागा पुन्हा पहिल्यासारखी करणं. आजीला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "कसली स्थापना? गणपतीची?" लेख तिथेच अडलाय. उथळ, खळखळत्या जागेला आणि खोल, संथ जागेला काय म्हणू? त्या विणलेल्या बांधाला काय म्हणू? आणि 'अधिवास' शब्द मला तरी घशात अडकल्यासारखा वाटतो.

नाशिकहून

अडकणारच. 'अधिवास' म्हटलं की मला तहसील कचेरीतली रांगच आठवते. माशाने पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा कुठून आणायचा? शास्त्रीय निबंधात तो शब्द चालेल, पण लेखात 'थारा' लिही. "ओढ्यात माशांना थारा उरला नाही" हे कुणालाही कळतं. थाऱ्यात राहणं आलं, लपणं आलं, टिकणंही आलं.

'आसरा'ही चालला असता, आणि त्यात एक गंमत आहे. डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. हा आसरा 'अप्सरा'वरून आला आणि निवाऱ्याचा आसरा 'आश्रया'वरून. दोन वेगळे शब्द वाहत येऊन एकाच डोहात उतरले म्हणायचे.

महाडहून

खोल, संथ जागेला डोह. यात चर्चेला जागाच नाही. आमच्याकडे त्यालाच 'कोंड' म्हणतात. काळ नदीवरचं वाळणकोंड प्रसिद्ध आहे. तिथे वरदायिनी देवीचे म्हणून मासे कुणी धरत नाही. महाशीर अंगठ्याएवढे नव्हेत, हातभर लांबीचे, काठाशी येऊन चुरमुरे खातात. पण लेखात 'कोंड' वापरलंस तर खुलासा कर, कारण कोकणात वाडी-वस्तीलाही कोंडच म्हणतात.

उथळ जागेला मी सरळ 'खळाळ' म्हणेन. त्या बिचाऱ्या खळाळावर आपण एक म्हणच करून ठेवली आहे : उथळ पाण्याला खळखळाट फार. माशाला विचारा! गोट्यांवर आपटून पाणी फुटतं तेव्हाच त्यात हवा मिसळते. गोट्यांच्या बुडाशी किडे वाढतात आणि डोहातला मासा त्यांच्यावर जगतो. खळाळ म्हणजे स्वयंपाकघर आणि डोह म्हणजे माजघर. म्हण माणसांपुरती ठीक आहे, ओढ्याला लावू नये.

कुडाळहून

ओढा तरी सगळीकडे कुठे चालतो? आमच्याकडे व्हाळ, वर रत्नागिरीकडे पऱ्ह्या. शहरात गेलं की त्याचाच नाला होतो. शब्द बदलला की त्यात कचरा टाकायला मन कचरत नाही. मिठीला नदी म्हणायची आठवण मुंबईला २६ जुलै २००५ला झाली.

पुण्याहून

मी महाविद्यालयात शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं बरीच घेतली, म्हणून 'पुनरुज्जीवन' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तोंडात बसणारा, चांगला शब्द होता. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र त्याचा अर्थ फिरला. वर्तमानपत्रात 'नदीचे पुनरुज्जीवन' वाचलं की खाली फोटो पोकलेनचा. खोलीकरण, रुंदीकरण, सरळीकरण आणि काठावर मातीचे ढीग. डोह आणि खळाळ दोन्ही जातात, उरतो एकसारखा चर. तुझ्या ओढ्याला जो रोग झालाय, पात्र खोल जाऊन काठापासून तुटण्याचा, तोच आपण औषध म्हणून देतो.

यात मीही आहे. एका शिबिरात चाळीस मुलांकडून आम्ही ओढा 'स्वच्छ' केला. पात्रातले धोंडे उचलून काठाला रचले, आडवे पडलेले ओंडके बाहेर ओढले, काठची शेरणी उपटली. शेरणी म्हणजे पुरात वाकणारं पण मुळं न सोडणारं झुडूप. तिच्या शास्त्रीय नावातच 'रिपॅरिया', म्हणजे काठावरची, असा शब्द आहे हे मला पुढे कळलं. मुलं दमली, फोटो सुंदर आले. पुढच्या पावसाळ्यात तो काठ बैलगाडीएवढा ढासळला. तुमच्या ओरेगनमध्येही विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी खात्यांनी ओढ्यांतले ओंडके माशांना अडथळा म्हणून काढून टाकले होते आणि पुढे पैसे खर्चून ओंडके परत आणून टाकले. तेव्हा 'स्वच्छता' हा शब्दही जपून वापर.

जालन्याहून

सर, तुमचं बरोबर असेल, पण नाला खोल केल्यावर आमच्या विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी टिकलं. ज्याने टँकरच्या रांगेत हंडे धरलेत त्याला 'पुनरुज्जीवन' शब्द खोटा वाटत नाही. मासे आमच्या नाल्यात तसेही आषाढ-श्रावणापुरतेच.

पुण्याहून

मान्य. मग त्याला 'पाणी साठवणं' म्हणू या, ते खरं आहे. नदी जिवंत झाली म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

सांगलीहून

दोन शब्द माझ्याकडून. पाठ्यपुस्तकातलं 'पूरमैदान' सोडा. पुराचा गाळ बसतो ती मळीची जमीन, आमच्याकडे नुसती 'मळी'. आणि काठालगतच्या पट्ट्याला 'थडी'. भीमथडीची तट्टं ऐकली असतील, ती याच थडीची. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज ही थडीची झाडं. ताई, तुम्ही विणता तो विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचाच भाऊबंद, एकाच कुळातला.

आता मुख्य शब्द. मी 'वळणावर आणणे' सुचवतो. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ केली. १६६ किलोमीटरच्या वळणावळणाच्या नदीचा ९० किलोमीटरचा कालवा झाला. पाणपक्षी गेले, मासे गेले. मग १९९९पासून २०२१पर्यंत कालव्याचा काही भाग बुजवून तिला पुन्हा जुन्या वळणांत सोडलं. कार्ट्याला वळणावर आणतात ते सरळ करून, नदीला उलट. 'वळणाचं पाणी वळणावर जाणार' म्हणतोच आपण.

नाशिकहून

क्या बात है. मी 'जीर्णोद्धार' सुचवणार होतो, पण आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काळ्या पाषाणाला ऑइलपेंट. मागे घेतो.

महाडहून

विणलेल्या बांधाचं राहिलंच की. अगं, तो कूड! मेढी रोवायच्या, मधून कारवी विणायची, वरून लिंपायचं. आमच्या आजोळच्या घराच्या भिंती अशाच होत्या. 'कुडाचा बांध' म्हण.

ओरेगनहून

कूड! तीन आठवडे ज्याला मी 'अर्धपारगम्य काष्ठरचना' लिहीत होते तो कूड. लेखाचं नाव ठरलं, 'ओढा वळणावर आणताना'. पोटात थारा, थडी, मळी, डोह, खळाळ. गटातल्या मुलांनाही 'कूड' शिकवला. परवा एकजण खुंट ठोकता ठोकता 'कूद, कूद' ओरडत होता, तेवढं चालवून घ्या.

आजीला पुन्हा फोन केला. ओढ्यात कूड घालतो म्हटल्यावर तिने एकच विचारलं, "वरून सारवता की नाही?" म्हटलं, चिखलाने. "मग टिकेल," म्हणाली.