काल्पनिक देश बनवायला दिलाय पण मुलं झेंड्यातच अडकलीयेत, पुढे कसं न्यायचं?

वहीचं शेवटचं पान:
मी नागरिकशास्त्र शिकवते. यावेळी धडा वाचून घेण्याऐवजी वर्गाचे पाच गट केले आणि म्हटलं, आपापला देश बनवा. मुलं जाम खूश, पण तीन तास झाले तरी झेंडा, देशाचं नाव, राष्ट्रीय प्राणी यातच रंगलीयेत. सरकार कसं चालतं विचारलं की पाचही गटांचं उत्तर एकच, "आमचा राजा चांगला आहे". मग न्यायालय, निवडणूक, कर कशाचा विषयच निघत नाही. कुणी केलंय का हे?

नकाशावाला:
झेंडा करू द्या, त्याने देश आपला वाटायला लागतो. पण लगेच नकाशा हातात द्या आणि त्यात अडचण ठेवा. मी एकच नदी दोन देशांतून काढतो, वरच्यांना धरण हवं असतं आणि खालच्यांना पाणी. एकदा वरच्या गटातल्या मुलीने करार लिहिला, "दर चार दिवसांनी धरणाचा दरवाजा उघडू". खालच्या गटातला एकजण म्हणाला, नाही उघडला तर आम्ही कुणाकडे जायचं? न्यायालय हा शब्द मला काढावाच लागला नाही. एका गटाला समुद्रकिनारा देऊ नका. १८७९ला सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाचा किनारा चिलीकडे गेला, तरी बोलिव्हियाचं नौदल आजही आहे, हे सांगितलं की मुलं प्रश्नांवर प्रश्न विचारतात.

चिठ्ठी टाका:
चांगल्या राजावर उपाय म्हणजे फळ्यावर बातमी लिहा, "राजा काल रात्री वारला". आता पुढे कोण, आणि ते कुणी ठरवायचं? दुसरं, नियम लिहून झाल्यावरच चिठ्ठ्या काढायला लावा, आपण त्या देशात कोण ते चिठ्ठीवर. मूळ विचार जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा, आपली जागा कुठली हे माहीत नसताना नियम ठरवायचे. माझ्याकडे एका गटाने लिहिलं होतं, "काम नाही त्याला धान्य नाही", आणि तो नियम सुचवणाऱ्यालाच चिठ्ठी आली अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची. बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, नियम बदलता येतो का? कसा बदलायचा हे त्यांनी लिहिलंच नव्हतं, पुढचा सगळा तास त्यावरच गेला.

मागचा बाक:
चिठ्ठ्या जपून लिहा हं. वर्गातल्या कुणाच्या घरची परिस्थिती तंतोतंत चिठ्ठीवर आली तर त्या पोराला फार लागतं. आणि मत कुणाला हे आधी त्यांनाच ठरवू द्या, मग सांगा की न्यूझीलंडमध्ये बायकांना मत १८९३ला मिळालं आणि स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर थेट १९७१ला. आधी सांगितलंत तर सगळे बरोबर उत्तर लिहून मोकळे होतात, भांडतच नाहीत.

वहीचं शेवटचं पान:
उद्याच राजाची बातमी लिहिते. चिठ्ठ्या एकदाच की दर तासाला नव्या?

चिठ्ठी टाका:
एकदाच. नको असलेली चिठ्ठी तासाभरात सुटणार हे कळलं की नियम बदलायला कुणी धडपडत नाही.