एकाच घरात राहतो, मग ह्यांचे ९ आणि माझे ४ कसे?

लोकमान्यनगरची_सून:
नमस्कार, जरा लांब लिहितेय. आम्ही इंदौरचे, घरात सासू-सासरे, हे, मी आणि आठवीतली मुलगी. मुलीला महिनाभर झोपच लागेना म्हणून काउन्सेलरकडे गेलो तर त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून पाच प्रश्नांचा फॉर्म दिला, फॅमिली ॲपगार म्हणतात त्याला. अडचणीत घरच्यांची मदत होते का, मनातलं बोलता येतं का, नवीन काही करायचं म्हटलं तर साथ मिळते का, असं सगळं. ह्यांचे १० पैकी ९ आले, सासूबाईंचे ८, मुलीचे ५ आणि माझे ४. घरी आल्यापासून हे गप्प. सासूबाई म्हणतात आपल्याकडे कधी भांडण नाही, मग तुला कमी काय आहे गं? आणि खरंच भांडण नाही हो, रविवारचे पोहे-जिलबी, गणपती, महालक्ष्म्या सगळं एकत्रच असतं. पण मला बीएड करायचंय हे सांगून दोन वर्षं झाली, ते अजून "बघू"वरच आहे. मी खोटं लिहायला हवं होतं का?

दवाखाना_ताई:
खोटं कशाला लिहायचं? मी बरीच वर्षं मेडिकल सोशल वर्करचं काम केलंय, हा फॉर्म खूपदा भरून घेतलाय. १९७८ मध्ये स्मिल्कस्टाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काढला, जवळजवळ नेहमी असेल तर २, कधीकधी तर १, क्वचितच तर ०. ७ ते १० म्हणजे ठीक, ४ ते ६ म्हणजे घरात ओढाताण, त्याखाली म्हणजे जास्तच बिघडलंय. पण हे घराला दिलेले मार्क नाहीत गं, त्या एका माणसाला घरातून काय मिळतंय असं वाटतं तेवढंच त्यात येतं, म्हणून तुझे ४ पण खरे आणि ह्यांचे ९ पण खरे. सगळ्यांची बेरीज करून सरासरी मात्र काढू नका, त्यात तू आणि मुलगी दोघीही दिसेनाशा व्हाल. मुलीने शून्य कुठे दिलंय ते आधी बघ.

रामबागचे_काका:
सूनबाई, आमचं चौदा माणसांचं घर होतं आणि मीही सगळ्यांना हेच सांगायचो की आमच्यात भांडण नाही. तीस वर्षांनी बायको एकदा बोलली की तिला गाणं शिकायचं होतं, आईला विचारायची हिंमत झाली नाही आणि मी कधी विचारलं नाही. फार लागलं ते मला. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

माहेर_ग्वाल्हेर:
काकांचं पटतं, पण सासूबाईंच्या ८ वर रागावू नकोस. त्या त्यांच्या सासूच्या काळाशी तुलना करत असतील, तेव्हा डोक्यावरचा पदर ढळला तरी बोलणी खावी लागायची. आणि फॉर्म समोर धरून वाद घालू नकोस, एकेक प्रश्न चहाच्या वेळी सहज काढ.

लोकमान्यनगरची_सून:
ताई, काल रात्री मुलीला जवळ घेऊन विचारलं. शून्य "मनातलं बोलता येतं का" ह्यालाच दिलंय. का गं म्हटलं तर म्हणाली, "तू तरी कुठे बोलतेस आई." मग आम्ही दोघी एक वाजेपर्यंत बोलत बसलो, नंतर ती झोपली. ह्यांना अजून काही सांगितलं नाहीये. शुक्रवारी परत जायचंय, सासूबाई मी पण येते म्हणाल्यात.