मेंढ्या माती चाटतायत, लोकर उपटतायत: खनिज मिश्रण कोणतं आणि किती द्यावं?

आटपाडीकर
माडग्याळ जातीच्या १४ मेंढ्या (सरासरी ३५ किलो), १ मेंढा. अर्धबंदिस्त. सकाळी द्राक्षबागेतलं गवत, मग कडबा कुट्टी मनसोक्त, दुपारी उसाचं वाढं, संध्याकाळी गव्हाचा कोंडा. गाईंसाठी आणलेलं खनिज मिश्रण प्रत्येकीला रोज ३० ग्रॅम. तरी काही माती चाटतात, एकमेकींची लोकर ओढतात. पाच गाभण आहेत, शेवटचा महिना चालू. मेंढा कालपासून लघवीला कुंथतोय. मिश्रणाचा डोस वाढवू का?

पशुवैद्य_जत
मेंढ्याला आजच डॉक्टर दाखवा, बाकीचं नंतर वाचा. मुतखडा अडकल्याचं लक्षण आहे. मेंढ्याच्या लिंगाच्या टोकाला दोऱ्यासारखा भाग असतो, खडा बहुधा तिथंच बसतो. वेळेत तो भाग कापला तर नर वाचू शकतो, मूत्राशय फुटल्यावर सहसा हाती काही उरत नाही. कारण कोंडा. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. भरीला डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) देऊ नका, त्यातून फॉस्फरसही वाढतो. खाद्य प्रतीची चुनखडी भुकटी द्या.

आता मिश्रण. डोस वाढवणं सोडा, ते बंदच करा. गाईंच्या मिश्रणात तांबं साधारण ०.१ टक्का असतं, म्हणजे ३० ग्रॅममधून ३० मिलिग्रॅम. चाऱ्यातून १० धरा. ३५ किलोची मेंढी दिवसाला १.२ किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरलेलं खाद्य) खाते, म्हणजे किलोमागे ३३ मिलिग्रॅम तांबं झालं. तिची गरज ७ ते ११ची, आणि २५च्या वर दीर्घकाळ गेलं की विषबाधेचा धोका. गाय जादा तांबं बाहेर टाकते, मेंढी यकृतात साठवत जाते. महिनोन्महिने काही दिसत नाही. मग लोकर कातरणी, वाहतूक किंवा विण्याचा ताण आला की साठा एकदम रक्तात उतरतो: डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, एक-दोन दिवसांत मेंढी खलास.

त्यात तुमची द्राक्षबाग. बोर्डोची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी होत असेल तर खालच्या गवतावर मोरचूदच, म्हणजे तांबंच पडतं. तिथं चारणं थांबवा. खुरं धुवायच्या हौदातही मोरचूदाऐवजी झिंक सल्फेट (१० टक्के) वापरा, तरी ते पाणी पिऊ देऊ नका.

चारा_खुराक
माती चाटण्यामागे बहुतेक वेळा मीठ आणि फॉस्फरसची कमतरता किंवा जंत असतात. इथं कोंडा चालू असल्याने मला मीठ आणि जंतांचाच संशय आहे. लेंडी तपासून घ्या. लोकर ओढण्यात प्रथिनांची कमतरता आणि दाटी दोन्ही येतात. गोचीड, उवाही बघा.

आधी पोट, मग पुडी. एका मेंढीला रोज: कडबा कुट्टी ७०० ग्रॅम, हिरवा चारा २ किलो (अर्धा लसूणघास, बाकी मका), खुराक १५० ग्रॅम. वाढं हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि गाभण मेंढीला नेमकं तेच कमी पडतं. सुबाभूळही बेतानं, नाहीतर मायमोसीनमुळे लोकर गळते.

१०० किलो खुराक: मका भरडा ४५, शेंगदाणा पेंड २०, तूर चुनी १५, गव्हाचा कोंडा १६, मेंढीचं मिश्रण २, मीठ १, चुनखडी १. मेंढ्यासाठी कोंडा वगळून त्याजागी चुनी घ्या.

गर्भाची ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि पोटात जागा उरत नाही म्हणून चारा कमी खाल्ला जातो. त्या पाच जणींचा खुराक ३०० ग्रॅमपर्यंत न्या, दोन वेळा विभागून, दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत. एकदम वाढवला तर अॅसिडोसिस (पोटात आम्ल वाढणं) किंवा आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाची बाधा), म्हणून आंत्रविषाराची लस झालीय का तेही बघा. जुळी असलेली मेंढी कळपापासून बाजूला उभी राहिली, खाणं सोडलं, आंधळ्यासारखी चालू लागली, तर गर्भारपणातली कीटोसिस (ऊर्जा कमी पडून होणारा आजार) समजा.

माणदेशी
एवढं मोजत बसण्यापेक्षा चाटण वीट टांगा. मेंढीला हवं तेवढं ती चाटेल.

पशुवैद्य_जत
मिठाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं, बाकी खनिजांच्या बाबतीत नाही. चव मिठाची असते म्हणून एक दिवसभर चाटते, दुसरी जवळही जात नाही. वीट गाईंची असेल तर तांब्याचा प्रश्न तोच. टांगायचीच तर साध्या मिठाची टांगा. पाणी मात्र कायम समोर हवं, कमी पाण्यात खडे लवकर धरतात.

आटपाडीकर
डॉक्टर येऊन गेले, मेंढ्याला मोकळी लघवी झाली. नवीन पिशवीवर ‘कॉपर १००० पीपीएम’ लिहिलंय, चालेल का?

चारा_खुराक
नाही. १००० पीपीएम म्हणजे ग्रॅममागे १ मिलिग्रॅम, तेच ०.१ टक्का. पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ आणि तांबं न घातल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘शेळी-मेंढी’ एकत्र छापलेलं असेल तर आकडा वाचूनच घ्या, शेळीला जास्त तांबं चालतं. मेंढ्याला पुन्हा खडे होऊ नयेत म्हणून नवसागर (अमोनियम क्लोराइड) द्यायचा झाल्यास डॉक्टरांना विचारून, ४० किलो वजनाला रोज ७-८ ग्रॅम खुराकातून. किराणातला खडा नको, शुद्ध प्रतीचा घ्या.