'कॅशे क्लिअर करा' हा उपाय आहे की बँकेने हात झटकणं?

वरणफळं (धागा काढणारी)

मागच्या महिन्यात बाबांचं नेटबँकिंग अडलं. लॉगिनचं पान यायचं, आयडी पासवर्ड टाकला की गोल गोल फिरत बसायचं आणि परत लॉगिनचंच पान. कस्टमर केअरला पंचवीस मिनिटं फोन धरून बसल्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "सर, कॅश क्लिअर करा." बाबा झेडपीतून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "कॅश कशाला क्लिअर करू, एफडी मोडायची आहे का?"

बाईंना म्हणायचं होतं कॅशे, म्हणजे ब्राउजरने साइटच्या साठवून ठेवलेल्या फाइली. इथवर हसलो आम्ही. पण पुढे बाई सांगत गेल्या आणि बाबा करत गेले. साठलेलं पुसायची खिडकी उघडायला कंट्रोल शिफ्ट डिलीट, मग 'ऑल टाइम', मग समोर दिसेल त्या प्रत्येक चौकटीत टिक. पासवर्डच्या पण. वीजबिल, गॅस, रेल्वे, सगळीकडचे सेव्ह केलेले पासवर्ड उडाले, आणि क्रोममध्ये साइन इन होते म्हणून फोनवरचेही गेले. बरं एवढं करून बँक उघडली का, तर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. साइट यांची, बिघाड यांचा, आणि साफसफाई गिऱ्हाइकाने करायची? हे म्हणजे दुकानदाराने शटर अडकलंय म्हणून तुम्हाला घरी जाऊन आंघोळ करून या सांगण्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना काउंटरवाला

ताई, राग समजू शकतो पण हे काही खरं नाही. मी बँकेच्या हेल्पडेस्कवर चार वर्षं काढली आहेत आणि सोमवार सकाळ म्हणजे काय असतं ते मला विचारा. बहुतेक वेळा शनिवारी रात्री साइटवर नवीन व्हर्जन चढवतात. तुमच्या ब्राउजरने जुन्या पानाच्या फाइली साठवून ठेवलेल्या असतात, म्हणजे फोटो, डिझाइन, बटन दाबल्यावर काय करायचं ती स्क्रिप्ट. मग पान नवीन आणि स्क्रिप्ट जुनी अशी खिचडी होते, बटन दाबलं तरी काही होत नाही. कॅशे काढला की सगळं ताजं येतं आणि चालू. मी स्वतः शेकडो लोकांना असं चालू करून दिलंय.

आणि फोनवरच्या पोरीला तुमची स्क्रीन दिसत नाही हो. ती आधी पॅरासिटामॉलच देणार, एमआरआय नाही. पासवर्डच्या चौकटीत टिक करा असं तिने सांगितलं असेल असं मला तरी वाटत नाही.

वरणफळं

तिने "सगळं सिलेक्ट करा" सांगितलं. शब्दशः. मी स्पीकरवर ऐकत होते.

जुना काउंटरवाला

मग ती चुकली. माफी मागायला हवी तिने.

पेठेतला कोडर

काउंटरवाले दादा, तुम्ही जे सांगताय त्यातच बँकेचा गुन्हा कबूल होतो की राव. साइट बदलली की फाइलच्या नावात व्हर्जन बदलायचं, म्हणजे ब्राउजरला ती नवीनच फाइल वाटते आणि तो जुनी वापरतच नाही, हे वेब डेव्हलपमेंटच्या पहिल्या वर्षात शिकवतात. शिवाय कुठली गोष्ट साठवायची नाही हे सर्व्हर ब्राउजरला सांगू शकतो, त्यासाठी 'नो स्टोअर' असा एक शब्द पाठवायचा असतो, बास. हे नीट केलं असेल तर गिऱ्हाइकाला कॅशे हा शब्द माहीत असायची गरजच नाही.

दुसरं, वरणफळं, बाबांचा प्रॉब्लेम कॅशेचा नव्हताच बहुतेक. लॉगिन करून परत लॉगिनवर फेकलं जाणं हे कुकीचं लक्षण आहे. कॅशे म्हणजे पानाचं सामान, कुकी म्हणजे तुम्ही आत आलात याची चिठ्ठी. चिठ्ठी जुनी किंवा खराब झाली की वॉचमन तुम्हाला परत गेटवर पाठवतो, तुम्ही परत येता, तो परत पाठवतो. कधी कधी ब्राउजर कंटाळून 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणून एरर देतो, ती हीच. अशा वेळी नुसता कॅशे दहा वेळा काढला तरी काही होणार नाही.

आणि सगळं जाळायची गरज काय? आधी इन्कॉग्निटो, म्हणजे जुनं काही न वापरणारी ब्राउजरची कोरी खिडकी उघडा, क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन. तिथे बँक चालली तर दोष तुमच्या साठलेल्या मालात आहे किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउजरला जोडलेल्या जादा सोयीत, कारण तिथे एक्स्टेन्शनही सहसा बंद असतात. तिथेही नाही चालली तर कॅशेच्या नादाला लागूच नका. चालली तर मग पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून फक्त त्या एका साइटचा डेटा उडवा. बाकी गाव सुरक्षित.

नेरूळकर

कोडर, तुझं सगळं बरोबर आहे पण फोनवर हे आईला सांगून बघ. "पट्टीत डावीकडे चिन्ह", कुठलं चिन्ह, पूर्वी कुलूप होतं आता दोन रेघा आणि गोळे आहेत, आणि फायरफॉक्समध्ये वेगळं, फोनवर अजून वेगळं. कंट्रोल शिफ्ट डिलीट मात्र विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स सगळीकडे चालतं. म्हणून सांगतात ते लोक, आळशी आहेत म्हणून नाही. मी काउंटरवाल्यांच्या बाजूने.

दुबईचा पाहुणा

मी इथे कॅशेच्या विरोधात मत नोंदवायला आलोय आणि माझं दुःख वेगळंच आहे. एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं, साइट उघडेना, ईमेलवर उत्तर आलं कॅशे आणि कुकीज क्लिअर करा. केलं. आता कुकी गेल्यावर बँकेला माझा लॅपटॉप परका वाटायला लागला आणि प्रत्येक गोष्टीला ओटीपी. ओटीपी कुठे जातो, तर भारतातल्या सिमवर, ते सिम डोंबिवलीला आईच्या कपाटातल्या फोनमध्ये, आणि आई त्या वेळी भिशीला. साडेतीन तास वाट बघितली.

मूळ कारण काय निघालं? ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच पत्त्यावरून फिरवणारी सोय, चालू होता आणि बँक त्या पत्त्यावरून येणाऱ्याला आत घेत नव्हती. व्हीपीएन बंद केला, दोन सेकंदात उघडलं. म्हणजे ज्या चिठ्ठीची गरज होती तीच मी फाडून टाकली.

सायकलवाले काका

आमच्या सोसायटीत बरेच ज्येष्ठ नागरिक मला बोलावतात म्हणून अनुभवाचे बोल. एका घरी बँकेचं पान उघडलं की "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल अक्षरात यायचं, त्यांनी दोन वेळा कॅशे काढला होता. मी कॉम्प्युटरची तारीख बघितली तर १ जानेवारी २००९. आतला बटनाएवढा सेल संपला होता, बंद केला की घड्याळ मागे. साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असतं ना, मग २००९ सालच्या कॉम्प्युटरला ते खोटंच वाटणार. सेल बदलला, काम झालं. तेव्हा आधी तारीख बघा. चहा मात्र चांगला मिळाला.

आणि विंडोज सेव्हन असेल तर त्यावर क्रोमचे अपडेट २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलेत, तिथे काय काय धुणार.

नेरूळकर

अजून एक गोष्ट कुणीच बोललं नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, फसव्या साइट ओळखता याव्यात म्हणून. चांगलंच आहे, पण ब्राउजरच्या दृष्टीने नवीन पत्ता म्हणजे नवीन माणूस. जुन्या पत्त्याला सेव्ह केलेला पासवर्ड नव्यावर आपोआप येत नाही, लोकांना वाटतं साइट बिघडली, आणि मग कॅशे क्लिअर. जुना बुकमार्क ठेवून बसलेले तर कितीतरी असतील.

पेठेतला कोडर

नेरूळकर, हे बोललात ते लाखाचं. आणि बघा, इथे बँकेने दोन ओळींचा एसएमएस केला असता, की पत्ता बदललाय, पासवर्ड हाताने टाका, तर अर्धे फोन आलेच नसते.

जुना काउंटरवाला

एसएमएस? "आमचा पत्ता बदलला आहे, नवीन पत्त्यावर लॉगिन करा" असा एसएमएस आला तर तुम्हीच इथे धागा काढाल की फ्रॉड आहे म्हणून. बँकेने काय करावं मग?

पेठेतला कोडर

लिंक न देता पाठवायचा. एटीएमच्या स्क्रीनवर दाखवायचं. पासबुक प्रिंट करायला येतात त्यांना सांगायचं. इच्छा असेल तर मार्ग आहे.

दुबईचा पाहुणा

फ्रॉडवरून आठवलं. माझ्या मावसभावाने असाच प्रॉब्लेम आला म्हणून बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला, पहिला दिसला तो लावला. पलीकडचा म्हणाला कॅशे साफ करायचाय, हे ॲप टाका, मी करून देतो. ॲप म्हणजे स्क्रीन शेअरिंगचं. नशीब वहिनी शेजारी बसली होती. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता, तरी चालूच आहे. नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

वरणफळं

सगळ्यांना धन्यवाद, रिपोर्ट देते. कोडर म्हणाले तसं इन्कॉग्निटो उघडलं, तिथे बाबांचा बुकमार्क दाबला, तर तिथेही तेच गोल गोल. मग नेरूळकरांचं वाचून बुकमार्क नीट बघितला. बाबांनी लॉगिन केल्यानंतरचं आतलं पान बुकमार्क केलं होतं, तेही जुन्या पत्त्यावरचं! रोज थेट माजघरात शिरायला बघत होते. बुकमार्क उडवला, नवीन पत्ता हाताने टाकला, पहिल्या फटक्यात आत.

म्हणजे कॅशेही नाही आणि कुकीही नाही. काउंटरवाले, "तुम्ही साइटवर कुठून येता" हा एक प्रश्न त्या बाईंनी विचारला असता तर? माझं मत बदललेलं नाही.

जुना काउंटरवाला

तो प्रश्न त्यांच्या समोरच्या कागदावर नसतो, ताई. असायला हवा, हे मात्र मान्य. बाकी माझंही मत बदललेलं नाही.

सायकलवाले काका

उडालेल्या पासवर्डांचं काय केलंत?

वरणफळं

बाबांनी एकेक करून रिसेट केले आणि सगळे एका डायरीत लिहून ठेवलेत. म्हणतात, ही कॅश आता कोणी क्लिअर करून दाखवा.

सायकलवाले काका

डायरीवर 'पासवर्ड' असं लिहू नका म्हणजे झालं. आमच्या वहीवर 'रामरक्षा' लिहिलंय.

वरणफळं

काका, आणि ते तुम्ही आता इथे सांगितलंत.