चिपमध्ये जीआर दिसतच नाही, जेलवर मात्र दिसतो

पेशीवाली, कोल्हापूर:
चिप करतेय, म्हणजे पेशीतलं प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते अँटिबॉडीने ओढून बघतेय. ए५४९ या फुप्फुसाच्या पेशींना १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन (डेक्स) हे स्टेरॉइड एक तास दिलं. मग प्रथिनं डीएनएला जोडून ठेवायला (क्रॉसलिंक) मीडियममध्येच १ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, रूम टेंपरेचरला. पुढे ते थांबवायला ग्लायसीन, ध्वनिलहरींनी तुकडे करायला सोनिकेशन, मग डेक्सने जागं होऊन डीएनएवर बसणाऱ्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची म्हणजे जीआरची अँटिबॉडी. जीआर जिथे बसतो त्या एफकेबीपी५ जनुकाच्या इंट्रॉनमधल्या जागेचा डीएनए क्यूपीसीआरने मोजला: इनपुटच्या (सुरुवातीच्या क्रोमॅटिनच्या) ०.०८ टक्के. डेक्स न दिलेल्यात ०.०७, आयजीजीत (जीआरला न ओळखणाऱ्या साध्या अँटिबॉडीत) ०.०६. हाच जीआर जेलवर डीएनएच्या तुकड्याला छान चिकटतो. क्रोमॅटिनचा (प्रथिनांसकट डीएनएचा) स्मीअर, म्हणजे जेलवर तुकड्यांचा पसरलेला पट्टा, १००० ते ३००० बेसचा येतोय. लॅबला एसी नाही, दुपारी ३६ अंश असतं. अँटिबॉडी बदलू का?

क्रोमॅटिनवाला:
नको, आधी स्मीअर बघा. तुकडे २०० ते ५०० बेसचे हवेत. रूम टेंपरेचर म्हणजे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांच्या लेखी २० ते २५ अंश. कोल्हापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तीच १० मिनिटं जास्तीची होतात. प्रथिनं एकमेकांत इतकी गुंततात की सोनिकेटरला क्रोमॅटिन तुटत नाही, आणि अँटिबॉडी जिथे बसायची तो भागही झाकला जातो.

मीडियममध्ये फॉर्मल्डिहाइड घालू नका. सिरमची प्रथिनं ते खातात, शिवाय मीडियम इन्क्युबेटरमधून ३७ अंशांनी बाहेर येतं. २२ अंशांच्या १० मिली पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड २८० मायक्रोलिटर घालून ठेवा आणि मीडियम काढल्या काढल्या ते प्लेटवर ओता. पाण्याच्या ट्रेमध्ये बर्फाचे तुकडे टाकत थर्मामीटर २२ वर धरा. वेळ संपली की २.५ मोलर ग्लायसीन ५४० मायक्रोलिटर, ५ मिनिटं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसत असेल तर ती बाटली टाकून द्या. पॉलिमर झालेलं असतं, मग १ टक्का हा नुसता लेबलवरचा आकडा राहतो. ५, ८ आणि १० मिनिटांच्या तीन प्लेट लावून तुलना करा.

सोनिकेट करताना फेस आला की थांबा. फेसात ऊर्जा वाया जाते, डीएनए तसाच राहतो.

एक विचारतो: स्मीअर बघण्याआधी क्रॉसलिंक पूर्ण सोडवले होते का?

जीनगप्पा:
जेलवर चिकटतो म्हणून पेशीतही तसाच चिकटेल असं धरू नका. जेलवरचा तुकडा उघडा असतो. पेशीत डीएनएचे १४७-१४७ बेस हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असतात, आणि जीआर बहुतेक वेळा आधीच मोकळ्या असलेल्या क्रोमॅटिनवर बसतो. एजीएएसीए, मध्ये कोणतेही तीन बेस, मग टीजीटीटीसीटी हा क्रम जीनोममध्ये पुष्कळ ठिकाणी सापडतो. त्यातल्या थोड्याच जागांवर जीआर असतो. तिथेही तो काही सेकंदच टिकतो, सुटतो, पुन्हा बसतो. जिवंत पेशीत फ्लुरोसेंट जीआरला लेझरने विझवून हे २००० सालीच दाखवलं गेलं. म्हणून सिग्नल मुळातच लहान असतो आणि पार्श्वभूमी खाली आणणं हेच खरं काम. एका आयपीला (अँटिबॉडीने ओढण्याच्या एका फेरीला) १ कोटी पेशी घ्या, आणि जिथे जीआर बसत नाही अशा दूरच्या जागेचा प्रायमरही चालवा.

डेक्सच्या आधी २४ तास चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हार्मोन काढलेलं) सिरम हवं. साध्या सिरममधलं कॉर्टिसॉल जीआरला आधीच केंद्रकात ओढतं, मग डेक्स न दिलेल्यातही सिग्नल चढतो.

पेशीवाली, कोल्हापूर:
सिरम स्ट्रिप्डच होतं. जेलवर घालण्याआधी ६५ अंशांवर फक्त अर्धा तास ठेवलं, प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घातलं नाही. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये एसडीएस (डिटर्जंट) १ टक्का, अँटिबॉडीच्या आधी तिप्पट पातळ केलं.

क्रोमॅटिनवाला:
मग दोन गोष्टी उघड आहेत. पहिली, स्मीअरवर अजून विश्वास ठेवू नका. प्रथिनं चिकटलेला डीएनए जेलमध्ये मागेच अडकतो आणि तुकडे आहेत त्याहून मोठे वाटतात. ५० मायक्रोलिटर घ्या, २०० मिलिमोलर मीठ, ६५ अंशांवर रात्रभर, मग आरएनेझ, मग प्रोटिनेज के, कॉलमवर स्वच्छ करून १.५ टक्के अगारोजवर चालवा. तरीही १००० च्या वर आलं तरच फिक्सिंग कमी करा.

दुसरी, तिप्पट पातळ केल्यावर एसडीएस ०.३३ टक्के उरतं, त्यात अँटिबॉडीची पकड सुटते. दहापट करा, ०.१ वर आणा. त्याच क्रोमॅटिनवर एच३के४एमई३ ची (चालू जनुकांच्या प्रमोटरवरच्या हिस्टोनच्या खुणेची) अँटिबॉडी लावून जीएपीडीएच या नेहमी चालू असणाऱ्या जनुकाचा प्रमोटर बघा. तो नीट आला आणि जीआर तरीही आला नाही, तर अँटिबॉडी बदला.