मोठ्या तलावासाठी होडी: सपाट तळाची की व्ही तळाची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली सहा-सात वर्षं मी एकाच तळ्यावर गळ टाकत आलो. तळं लहान, चहूबाजूंनी झाडी, वारा असा नाहीच. तिथे माझी १२ फुटी, सपाट तळाची ॲल्युमिनियमची होडी म्हणजे घरचं अंगण. मी उभा राहून गळ फेकायचो, बाबा मागे स्टुलावर बसून डुलक्या काढायचे. आता बदली झाली. इथला तलाव धरणाचा आहे, लांबच लांब. समोरचा काठ धूसर दिसतो आणि दुपारी वारा सुटतो तो थेट तलावाच्या लांबीने.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. सकाळी पाणी आरशासारखं, म्हणून हुरळून पार टोकाच्या फाट्यापर्यंत, म्हणजे तलावाच्या बाजूला आत शिरलेल्या चिंचोळ्या पाण्यापर्यंत गेलो. एकच्या सुमारास पाण्यावर फेसाचे पांढरे ठिपके दिसू लागले. परत फिरलो तर प्रत्येक लाट होडीच्या चपट्या तोंडावर थाडकन आपटायची आणि तांब्याभर पाणी आत. बॅटरीवरच्या मोटरने अर्ध्या वाटेत मान टाकली. बाबा डब्याने पाणी उपसतायत, मी वल्ही मारतोय, आणि काठावरचं एक वाळलेलं झाड काही केल्या जवळ येईना. गळांचा डबा पायाशी तरंगत होता. पोचल्यावर बाबा काही बोलले नाहीत, नुसते मोजे पिळत बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर आता होडी बदलायची आहे. कयाक नको, बाबांचे गुडघे त्यात बसू देणार नाहीत. हवेची नको, कारण पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. उरले दोन पर्याय: १४ फुटी व्ही तळाची (तळ इंग्रजी V सारखा खाली निमुळता), किंवा माझ्यासारखीच सपाट पण रुंद. पाणी पिण्यासाठी वापरतात, त्यामुळे पेट्रोलचं इंजिन चालत नाही, बॅटरीचीच मोटर. माणसं दोन. मासे बहुतेक उथळ फाट्यांत मिळतात, पण तिथवर जायला मधलं मोकळं पाणी ओलांडावं लागतं. गोची तिथेच आहे.

प्रतिसाद

सपाट तळाचा स्थिरपणा शांत पाण्यापुरता असतो. तो तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो, म्हणून पृष्ठभाग तिरपा झाला की होडीही तिरपी. व्ही तळ लाट कापतो, पण ती होडी जागेवर उभी असताना थोडी डुलते आणि तिला पाणीही जास्त खोल लागतं. तुमच्या वर्णनावरून मी मधला मार्ग घेईन: पुढे धारदार व्ही आणि मागे जवळजवळ सपाट होत गेलेला तळ. त्याला सेमी-व्ही म्हणतात. लाटेत पूर्ण व्हीइतका चालणार नाही, पण उथळ फाट्यात शिरेल आणि उभं राहून गळ टाकता येईल.

सपाटच घ्यायची असेल तर मॉडेलचा आकडा वाचा. १४३६ म्हणजे १४ फूट लांब आणि तळाची रुंदी ३६ इंच, १४४८ म्हणजे ४८ इंच. हे १२ इंच उभं राहणाऱ्याला लगेच कळतात. तरी तोंडावरचा थाडथाड आवाज जाणार नाही.

किती माणसं चालतील याचा ढोबळ हिशोब: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. १४ गुणिले ५ म्हणजे ७०, भागिले १५, म्हणजे चार माणसं, तीही साधारण ६८ किलोची आणि शांत हवेत. होडीवर क्षमतेची पाटी असेल तर पाटीचाच आकडा धरा.

आणि ते स्टूल काढा हो. माणूस जितका उंच बसेल तितकी होडी लवकर कलंडते. लाइफ जॅकेट होती का? तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रतिसाद

होडीचं ठीक आहे, पण मला तुमची खरी अडचण मोटरची वाटते. साधारण नियम असा की भरल्या वजनाच्या दर ४५ किलोमागे २ पाउंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा ढकलण्याचा जोर. होडी, दोन माणसं, बॅटरी, सामान मिळून ३५० किलो धरले तर सोळाएक पाउंड होतात. हे वारा नसताना. व्ही होडीच्या बाजू उंच, त्यामुळे वारा तिला शिडासारखा ढकलतो. ५५ पाउंडाच्या खाली जाऊ नका. १२ व्होल्टवर साधारण तिथवरच जाता येतं, पुढे २४ व्होल्ट लागतात.

ही मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम तासभर. तुमच्या मोटरने मान का टाकली ते इथे कळेल. लिथियम बॅटरी महाग, पण निम्म्याहून कमी वजनाची आणि जवळजवळ सगळी वापरता येते. शिशाचीच घेतलीत तर ती पुढच्या भागात ठेवा. मोटर मागे, तुम्ही मागे आणि बॅटरीही मागे, मग तोंड वर उचललं जाऊन वारा त्यालाच फिरवतो.

फुकटचा उपाय: दुपारचा वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या काठाला सकाळी मासे शोधा. तिथे लाट उठायला जागाच नसते आणि परतताना वारा पाठीशी. होडी कुठलीही असो.

धागालेखक

दोघांचेही आभार. जॅकेट होती. माझं अंगावर, बाबांचं स्टुलाखाली. (बोलू नका, घरी ऐकून झालंय.)

जुन्या होडीचा हिशोब केला: १२ गुणिले ४, म्हणजे तीन माणसं. वजन जास्त नव्हतंच. पण आम्ही दोघं बसलो की काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. सात वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं, तशी वेळच आली नव्हती.

एक वापरलेली १४ फुटी सेमी-व्ही बघून आलो. मोटर अडकवतात त्या मागच्या फळीवर टिचक्या मारल्या, आवाज टणक आला. जमिनीवरच आत चार बादल्या पाणी ओतलं, तर तळाच्या दोन रिव्हेटांतून थेंब गळत होते. सोडून द्यावी का?

प्रतिसाद

दोन रिव्हेट म्हणजे काही नाही, ठोकून घट्ट होतात, नाहीतर बदलता येतात. फळी कुजलेली असती तर नको म्हटलं असतं. मात्र आतल्या फळ्यांखालचा फोम बघा. त्यात पाणी मुरलं असेल तर होडी उगाच जड होते आणि तो फोम तरंगायलाही कामाचा राहत नाही.

धागालेखक

फळी उचलून फोम दाबून बघितला, कोरडा आहे. घेतली. ट्रेलरवर असतानाच बाबांना आत बसवून बघितलं. त्यांनी दोन्ही काठ धरून हलवून बघितले, पुढे बघितलं, मागे बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे. स्टूल कुठे ठेवायचं?"